अपडेट येणारच, जागा आधी करा

खरिपाच्या ई-पीक पाहणीची, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः ॲपवर करायच्या पीकनोंदीची, मुदत साधारणपणे १ ऑगस्टला सुरू होते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. मुळशी तालुक्यात हेच दिवस कोसळत्या पावसाचे. ताम्हिणी, निवे, धामणओहोळ या भागात वीज जाते-येते, नेटवर्क एका वळणावर मिळतं आणि पुढच्या वळणावर जातं. शेतकरी भातखाचराच्या बांधावर उभा राहून ॲप उघडतो आणि पडद्यावर संदेश येतो, की आधी नवी आवृत्ती घ्या. बटण दाबलं की दुसरा संदेश येतो, की फोनमध्ये पुरेशी जागा नाही. पीक डोळ्यांसमोर आहे, फोन हातात आहे, पण सातबाऱ्यावर नोंद होत नाही. आणि नोंद नसली की पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, सरकारी खरेदी, सगळीकडेच अडतं.

अशी अडवणूक फक्त शेतकऱ्यांची होत नाही. अंगणवाडीताईंचा पोषण ट्रॅकर, बँकेचं ॲप, यूपीआय, व्हॉट्सॲप या सगळ्यांची जुनी आवृत्ती काही काळाने चालेनाशी होते. ज्यांच्याकडे १२८ किंवा २५६ जीबीचा फोन आहे त्यांना हे जाणवतही नाही. रात्री वायफायवर अपडेट होऊन जातं. हा लेख १६, ३२ किंवा ६४ जीबीच्या फोनवर घर, शेत आणि नोकरी चालवणाऱ्यांसाठी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: अपडेट टाळू नका, पण ते कधी आणि कुठे घ्यायचं हे स्वतः ठरवा. आणि ते ठरवता यावं म्हणून फोनमध्ये चार-पाच जीबी जागा बारमाही मोकळी ठेवा. अडचणीच्या क्षणी जागा करायला बसलं की माणूस घाईत नको ते पुसतो.

या अडचणीचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यात घडलं. राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये सरकारी मोबाईल मिळाले होते. त्यांची रॅम २ जीबी. २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर आलं आणि मुलांची वजनं, उंची, आहार, हजेरी सगळं त्यात भरायचं ठरलं. फोन तापायचे, अडकायचे, ॲप उघडता उघडता बंद पडायचं. त्यात ॲप इंग्रजीत. वॉरंटी संपलेली, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या तुटपुंज्या मानधनातून करायची वेळ आलेली. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरात ‘मोबाईल वापसी’चं आंदोलन झालं आणि हजारो सेविकांनी आपले फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. काम करायला त्यांचा नकार नव्हता. ज्या साधनावर काम होत नाही ते साधन त्या परत करत होत्या. दोन वर्षांपूर्वी दिलेल्या फोनवर आजचं ॲप चालेल का, हा प्रश्न ॲप बनवण्याआधी विचारायला हवा होता. तो सेविकांना रस्त्यावर येऊन विचारावा लागला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता फोनच्या आत काय चालतं ते पाहू, कारण ते कळलं की पुढचे उपाय आपोआप पटतात.

खोक्यावर ३२ जीबी लिहिलेलं असलं तरी ती सगळी जागा तुमची नसते. त्यातला मोठा भाग, बऱ्याच फोनमध्ये दहा जीबीच्या आसपास किंवा जास्तच, मूळ प्रणालीसाठी म्हणजे अँड्रॉइडसाठी आणि कंपनीने आधीच भरलेल्या ॲपसाठी राखलेला असतो. त्याला तुम्ही हात लावू शकत नाही. उरलेल्या जागेत तुमची ॲप, फोटो, व्हिडिओ. हे आधीच भरलेलं ॲप अपडेट झालं की जुनी प्रत त्या राखीव भागात तशीच राहते आणि नवी प्रत तुमच्या वाट्याच्या जागेत येऊन बसते. म्हणूनच एकही नवं ॲप न घेता वर्षभरात फोन भरत जातो. लोक म्हणतात, ‘मी तर काहीच टाकलं नाही.’ त्यांचं खरं असतं.

दुसरी गोष्ट, प्ले स्टोअरवर अपडेट ४० एमबीचं दिसलं तरी फोनला त्याहून बरीच जास्त मोकळी जागा लागते. जुनं ॲप चालू असताना नवं उतरवून घ्यावं लागतं, ते तपासून उघडावं लागतं, ते फोनला पेलेल अशा रूपात तयार करावं लागतं, आणि हे सगळं झाल्यावरच जुनं जातं. म्हणजे काही काळ दोन्ही शेजारी शेजारी राहतात. शिवाय अँड्रॉइड स्वतःसाठी थोडी जागा हात न लावता ठेवतं; मोकळी जागा साधारण ५०० एमबीच्या खाली गेली की ‘स्टोरेज संपत आलं आहे’ असा इशारा येतो आणि मग बरीच कामं अडायला लागतात. ‘अजून ३०० एमबी दिसतंय की, मग ४० एमबीचं का होत नाही?’ याचं उत्तर हे आहे.

तर जागा करायची कुठून? लोक पहिल्यांदा ॲप काढतात. मी म्हणेन, ॲपला शेवटी हात लावा. आधी व्हिडिओ.

घोटवड्याच्या एका अंगणवाडी मदतनीस ताईंचा ३२ जीबीचा फोन मध्यंतरी पाहिला. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘स्टोरेज’ उघडलं. प्रणाली १२ जीबी, ॲप ८, व्हिडिओ ६, फोटो ४, बाकी किरकोळ, आणि मोकळी जागा अर्ध्या जीबीच्या आसपास. ताईंनी आधीच रेल्वेचं ॲप, गॅसचं ॲप आणि मुलाच्या अभ्यासाचं ॲप काढून टाकलं होतं. तिन्ही मिळून पाव जीबीसुद्धा सुटला नव्हता. मग व्हॉट्सॲप उघडून सेटिंग्ज, ‘स्टोरेज आणि डेटा’, ‘स्टोरेज व्यवस्थापित करा’ इथे गेलो. इथे व्हॉट्सॲप स्वतःच यादी करून देतं: ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली एका गटात, अनेकदा फॉरवर्ड झालेल्या दुसऱ्या गटात, आणि खाली प्रत्येक ग्रुपने किती जागा खाल्ली ते उतरत्या क्रमाने. वर होता भावकीचा ग्रुप. एका हळदीचा व्हिडिओ तीन ग्रुपमधून तीनदा आलेला. काकड आरतीचे व्हिडिओ, शुभ सकाळ, एका सभेचं पाऊण तासाचं चित्रण जे ताईंनी कधी उघडलंही नव्हतं.

ताईंनी विचारलं, ‘हे काढलं तर ग्रुपमधनं सगळ्यांचंच जाईल का?’

हा प्रश्न खूपजणांच्या मनात असतो आणि विचारायचा संकोच वाटतो. उत्तर आहे, नाही. इथून पुसलं की फक्त तुमच्या फोनमधलं जातं, बाकीच्यांचं त्यांच्याकडे राहतं. मात्र तुमच्याकडे ते परत येईलच याची खात्री धरू नका. म्हणून लेकीच्या डोहाळजेवणाचा व्हिडिओ आधी बाजूला काढा, मग बाकीचं निवडा. ताईंच्या फोनमध्ये एवढ्यानेच चार जीबीच्या वर जागा झाली. ॲप एकही काढावं लागलं नाही, उलट काढलेली परत घेता आली.

हे पुन्हा भरू नये म्हणून त्याच ‘स्टोरेज आणि डेटा’मध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होण्याची सोय बंद करा. मोबाईल डेटावर, वायफायवर, रोमिंगवर, तिन्ही ठिकाणी व्हिडिओच्या पुढची खूण काढा. मग जो बघायचा आहे त्याच व्हिडिओवर बोट ठेवायचं, तोच उतरतो. आणखी एक कोपरा: तुम्ही पाठवलेल्या फोटोंची वेगळी प्रत व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये ‘सेंट’ नावाने साठते. मूळ फोटो गॅलरीत आहे ना ते बघून घेतलं, की ही दुसरी प्रत पुसता येते. ती शोधायला गूगलचं ‘फाइल्स’ ॲप सोपं पडतं. ते मराठीत चालतं आणि दुहेरी फायली, मोठ्या फायली वेगळ्या काढून दाखवतं.

पुसलं म्हणजे लगेच गेलं असंही नसतं. बऱ्याच फोनमध्ये गॅलरीचा आणि ‘फाइल्स’चा कचरा ३० दिवस तसाच राहतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसला तर तो ६० दिवस कचऱ्यात असतो. तेव्हा ‘कचरा’ किंवा ‘बिन’ उघडून तो रिकामा केल्याशिवाय जागा वाढलेली दिसत नाही. पुष्कळजण इथेच वैतागतात.

फोटो ठेवायचे असतील तर दोन वाटा आहेत. एक, मेमरी कार्ड किंवा ओटीजी पेनड्राइव्हवर हलवणं. कार्डाचा कप्पा असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो थेट कार्डावर साठायला सांगा. अपडेटसाठी मुख्य जागा मोकळी राहते. कार्ड मात्र ओळखीच्या दुकानातून, पावती घेऊन. स्वस्तातल्या नकली कार्डावर फोटो गेल्यासारखे दिसतात आणि नंतर उघडत नाहीत. दुसरी वाट गूगल फोटोजची. तिथे मोफत मिळणारी जागा १५ जीबी, आणि जून २०२१ पासून फोटोही तिच्यात मोजले जातात. जीमेल आणि व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच. बॅकअप पूर्ण झाल्याची खूण दिसल्यावरच ‘जागा मोकळी करा’ दाबा. मुळशी धरणाच्या मागच्या गावांत हे काम करत बसू नका. पौडला किंवा पिरंगुटला गेलात, चांगलं नेटवर्क किंवा वायफाय मिळालं, की तिथे करा.

आता ॲपकडे. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ उघडून एखाद्या ॲपच्या ‘स्टोरेज’वर गेलात की दोन बटणं दिसतात. एकावर ‘कॅशे साफ करा’, दुसऱ्यावर ‘डेटा साफ करा’ किंवा ‘स्टोरेज साफ करा’. दोन्ही शेजारी असतात आणि दोन्हींमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कॅशे म्हणजे ॲपने सोयीसाठी तात्पुरती ठेवलेली चित्रं, तुकडे. ते पुसलं तर काही बिघडत नाही, थोड्या दिवसांनी पुन्हा साठतं. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, ब्राउझर यांची कॅशे कधी कधी एकेका जीबीच्या घरात असते. डेटा पुसला तर मात्र ॲप कोरं होतं. लॉगिन जातं, सेटिंग जातं, आणि ॲपमध्ये साठवून ठेवलेली, अजून वर न पोहोचलेली माहितीही जाते.

इथे मी थोडा थांबून सांगणार आहे, कारण यात होणारं नुकसान भरून येत नाही. ई-पीक पाहणीत शेतात माहिती भरून, फोटो काढून, नेटवर्कमध्ये आल्यावर पाठवायची सोय आहे. पोषण ट्रॅकरमध्येही नेटवर्क नसताना भरलेली माहिती फोनमध्ये थांबून राहते. अशी न पाठवलेली नोंद फक्त तुमच्या फोनमध्ये असते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. अशा वेळी कुणीतरी सल्ला देतं, ‘जुनं ॲप काढून टाक आणि नवीन टाक, होईल.’ ॲप काढलं की ती नोंद गेली. पुन्हा चिखल तुडवत बांधावर जाऊन फोटो काढायचा, किंवा पुन्हा सगळ्या बाळांची वजनं घ्यायची. म्हणून नियम असा ठेवा: ॲप काढण्याआधी किंवा डेटा साफ करण्याआधी ते उघडून पाठवायची नोंद बाकी आहे का बघा, चांगल्या नेटवर्कच्या ठिकाणी जाऊन ती पाठवा, ती पोहोचल्याची खूण बघा, पडद्याचा फोटो काढून ठेवा. मगच पुढचं. ॲप उघडतच नसेल आणि नोंद अडकली असेल, तरी लगेच काढू नका. आधी वर सांगितल्याप्रमाणे व्हिडिओ पुसून जागा करा आणि जुन्याच ॲपवर अपडेट चढवा. अपडेट वरून चढवलं तर आतली माहिती सहसा टिकते. काढून नव्याने घातलं तर टिकत नाही.

ई-पीक पाहणीच्या बाबतीत अलीकडे हंगामागणिक नवी आवृत्ती घ्यायला सांगतात. मग वाट कशाला बघायची? जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, लावणीची गडबड जरा ओसरली की, फोनमध्ये जागा करून प्ले स्टोअरवर जाऊन नवी आवृत्ती आली का ते बघत राहा. एकदा घरी उघडून खातेदाराचं नाव, गट क्रमांक बरोबर दिसतात का तपासा. आणि फोन खरोखरच पेलत नसेल तर हट्ट करू नका. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. वाडीत ज्याचा फोन बरा आहे त्याच्या फोनवरून सगळ्यांची नोंद करा, मात्र ज्याची नोंद आहे त्याने शेतात सोबत जावं, कारण फोटो त्या शेतात उभं राहूनच काढायचा असतो. शेतकऱ्यांची मुदत हुकली तर पुढे गावासाठी नेमलेल्या सहाय्यकामार्फत पाहणी होते, पण त्यावर विसंबून राहू नये.

अपडेटची वेळ आपल्या हातात घ्यायची तर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपल्या चित्रावर बोट ठेवा, सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क प्राधान्ये’ बघा. तिथे ‘ॲप्स ऑटो-अपडेट करा’ असेल. जागा कमी असलेल्या फोनमध्ये ते बंद ठेवावं असं माझं मत आहे. पण बंद ठेवून विसरायचं नाही. आठवड्यातला एक वार ठरवा, बाजाराचा असो वा सुट्टीचा, आणि त्या दिवशी हाताने अपडेट करा. एकेक करून, सगळी एकदम नको. एकाचं झालं की त्याची तात्पुरती जागा सुटते आणि पुढच्याला मिळते. पहिला मान बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप आणि ब्राउझरचा. त्यानंतर कामाची सरकारी ॲप. खेळ, फोटो सजवणारी ॲप, खरेदीची ॲप शेवटी, किंवा नाहीच. खरेदीचं आणि बातम्यांचं काम ब्राउझरमध्येही होतं, त्यासाठी ॲप लागतंच असं नाही.

जी ॲप कंपनीने भरून दिली आहेत आणि तुम्ही कधीच वापरत नाही, त्यांच्या पानावर ‘अपडेट अनइंस्टॉल करा’ असं दिसतं. ते दाबलं की ॲप मूळ छोट्या रूपात जातं आणि तुमच्या वाट्याची जागा परत मिळते. नंतर ‘बंद करा’ दाबलं की ते पुन्हा फुगत नाही. गूगल प्ले सेवा, वेबव्ह्यू अशा नावांना मात्र हात लावू नका. त्यांच्यावर बाकीची ॲप उभी असतात. वर्षातून दोनदा लागणाऱ्या ॲपसाठी प्ले स्टोअरमध्ये २०२३ पासून ‘संग्रहित करा’ ही सोय आहे. ॲपचा मोठा भाग निघून जातो, चिन्ह आणि तुमची माहिती राहते, हवं तेव्हा चिन्हावर दाबलं की ते परत उतरतं. पण परत उतरायला नेटवर्क लागतं, तेव्हा शेतावर लागणारं ॲप असं ठेवू नका.

राहिलं फोनच्या प्रणालीचं अपडेट. यात दोन जाती आहेत आणि त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. सुरक्षा अपडेट लहान असतं. ते घ्यावंच. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाची खोट सापडली होती. नुसत्या एका मल्टिमीडिया संदेशातून, तुम्ही काही न दाबता, फोनमध्ये शिरकाव करता येईल अशी ती होती. त्यानंतरच गूगलने दर महिन्याला सुरक्षा अपडेट द्यायला सुरुवात केली. ज्या फोनवर तुमचं बँकखातं आहे त्याची दारं बंद ठेवायची तर हे लागतं. दुसरी जात म्हणजे पूर्ण नवी आवृत्ती, अँड्रॉइड १२ वरून १३, १३ वरून १४ असं. ते कित्येकदा दोन-तीन जीबीच्या पुढे जातं, एकदा चढवलं की साधारण माणसाला मागे येता येत नाही, आणि कमी रॅमचा फोन त्यानंतर जड चालू शकतो. फोन चार वर्षं जुना असेल, ३२ जीबीचा असेल आणि कामाची ॲप नीट चालत असतील, तर ही उडी घ्यायची घाई नको. आधी तोच फोन असलेल्या दुसऱ्या कुणाकडे तो कसा चालतो ते विचारा.

जड अपडेटने जुने फोन मंदावतात ही फक्त आपल्याकडची कुरकुर नाही. इटलीच्या स्पर्धा नियामकाने ऑक्टोबर २०१८ मध्ये याच कारणावरून ॲपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला होता. अपडेट घ्यायला भाग पाडलं, पण त्याचा फोनवर काय परिणाम होईल ते ग्राहकांना नीट सांगितलं नाही, असा ठपका होता.

अपडेट घेताना फोन निम्म्याहून जास्त चार्ज असू द्या, आणि पावसाळ्यात वीज असतानाच सुरू करा. मध्येच फोन बंद पडला तर दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढावी लागू शकते. अपडेटनंतर पहिला दिवस फोन तापतो, मंद चालतो. आतमध्ये सगळी ॲप नव्याने जुळवून घेतली जात असतात. दोन दिवस जाऊ द्या, मग मत बनवा. इंटरनेटवर एक युक्ती फिरते, की ‘डेव्हलपर पर्याय’ चालू करून अपडेट कायमचं थांबवा. करू नका. काही बँकांची ॲप तो पर्याय चालू दिसला की उघडतच नाहीत.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. प्ले स्टोअरवरून अपडेट होत नाही म्हटल्यावर कुणीतरी ग्रुपवर फाइल टाकतं, तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं, आणि सोबत लिहितं, ‘हे टाका, लगेच चालेल.’ टाकणारा ओळखीचा असतो, त्याच्या मनात काही वाईट नसतं, त्यालाही ती दुसऱ्या ग्रुपवरून आलेली असते. पण याच वाटेने महाराष्ट्रात कितीतरी लोकांची खाती रिकामी झाली आहेत. पीएम किसानच्या नावाची फाइल, वाहनाच्या चलनाची फाइल, लग्नपत्रिकेची फाइल. ती घातली की फोनमधले संदेश, म्हणजेच बँकेचे ओटीपी, दुसऱ्याच्या हाती जातात. अपडेट फक्त प्ले स्टोअरवरून, किंवा फोनच्या सेटिंग्जमधून. वरिष्ठांनी ग्रुपवर फाइल पाठवली तरी अंगणवाडीताईंनी, ग्रामसेवकांनी, कोतवालांनी नम्रपणे विचारावं, ‘साहेब, हे प्ले स्टोअरवर कोणत्या नावाने आहे?’ चुकून घातलीच तर लगेच नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. ‘फोन साफ करा, वेग वाढवा’ म्हणणारी क्लीनर ॲपही नकोत. ती स्वतःच जागा खातात आणि जाहिराती दाखवतात. वर सांगितलेलं सगळं काम फोनमध्ये आहे त्या साधनांनी होतं.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी एवढंच, की जागा अपुरी असेल तर केबलने संगणकाला जोडून अपडेट करा. फाइल संगणकावर उतरते, त्यामुळे फोनमध्ये मोकळी जागा कमी लागते.

एक गोष्ट मला आपल्याच तालुक्यातल्या दुसऱ्या लोकांशीही बोलायची आहे. हिंजवडी, माण, मारुंजी हीदेखील मुळशीच. राजीव गांधी इन्फोटेक पार्कात रोज ॲप बनतात, तपासली जातात. तिथे काम करणाऱ्यांच्या खिशातला फोन आणि कोळवण खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या खिशातला फोन यांत मोठं अंतर आहे. तुम्ही लोकांच्या गरजेचं ॲप बनवत असाल, तर टेबलावर एक ३२ जीबीचा, अर्धा जीबी मोकळी जागा उरलेला फोन ठेवा आणि नवी आवृत्ती त्यावर चढवून बघा. अपडेट सक्तीचं करायचंच असेल तर काही दिवसांची मुदत द्या, आणि न पाठवलेली नोंद आधी पाठवू द्या, मग दार बंद करा. ही मेहेरबानी नाही. ॲप ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचलं पाहिजे, इतकीच साधी अपेक्षा आहे.

आणि सरकारी काम सरकारी ॲपवर करणाऱ्यांनी, ॲप चालत नाही हे तोंडी सांगून सोडू नये. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, मोकळी जागा, पडद्यावर आलेला संदेश आणि तारीख एवढं कागदावर लिहून पर्यवेक्षिकेकडे किंवा तलाठी कार्यालयात द्या, पोच घ्या. पुढे ‘तुम्ही मुदतीत भरलं नाही’ असं कुणी म्हणालं तर तो कागद उपयोगी पडतो.

शेवटी, नवा फोन घ्यायचीच वेळ आली तर. ३२ जीबीचा घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. ६४ ही आता अगदी काठावरची मर्यादा आहे. जमत असेल तर १२८ जीबी आणि ६ जीबी रॅम घ्या, आणि त्यासाठी कॅमेऱ्यात तडजोड करावी लागली तर करा. मेमरी कार्डाचा वेगळा कप्पा आहे का बघा. काही फोनमध्ये दुसरं सिम काढल्याशिवाय कार्ड बसत नाही. दुकानदाराला विचारा, या फोनला सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? युरोपात जून २०२५ पासून नियमच झाला आहे, की एखाद्या फोनची विक्री बंद झाल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट मिळत राहिली पाहिजेत. आपल्याकडे तो नियम नाही, तेव्हा विचारणं आपल्यावर आहे. जुना फोन घेत असाल तर दुकानातच सेटिंग्ज उघडून ‘फोनविषयी’मध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि ‘अपडेट तपासा’ म्हटल्यावरही पुढचं काही येत नसेल, तर त्या फोनवर बँकेचं काम करू नये. वापरलेल्या फोनच्या काचेवरचा ओरखडा लोक उजेडात धरून बघतात. त्याच वेळात ही तारीखही बघून होते.